तबकडीवरची पंढरी

आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावर शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. दिंड्यांचे टाळ-मृदंग असतातच, आणि त्यांच्यावर मात करायला दुकानांवरचे कर्णे. बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे, पेढे, तसबिरी, घोंगड्या. दुकान कसलेही असो, कर्ण्यातून गाणारा बहुधा एकच, प्रल्हाद शिंदे. त्यांचा उंच, कडेला किंचित फाटलेला, गर्दीच्या डोक्यावरून पार जाणारा आवाज या रस्त्यावर राज्य करतो. भीमसेन जोशी इथे त्या मानाने कमी कानावर पडतात. ते ऐकू येतात पुण्या-मुंबईच्या आणि सोलापूरच्या घरांत, पहाटे, गॅसवर दूध तापत असताना आणि कुणीतरी आंघोळीला घुसलेले असताना. पंढरीवरची सर्वांत नावाजलेली ध्वनिमुद्रिका पंढरीपासून लांब राहणाऱ्यांच्या घरी जास्त वाजते.

मला यात काही वावगे वाटत नाही. 'अभंगवाणी' या नावाने एच. एम. व्ही.ने काढलेल्या भीमसेनांच्या तबकड्या, मग त्यांच्या कॅसेट आणि पुढे सीडी, हा सगळा ऐवज वारीला जाऊ न शकलेल्या माणसासाठीच जणू तयार झाला आहे. मात्र इतकी वर्षे तो पहाटेच्या कामांच्या मागे वाजत आला, त्यामुळे आपण तो नीट ऐकलाच नाही. राग समोर मांडून बसणारा श्रोता त्याला 'भक्तिगीत' म्हणून बाजूला ठेवतो आणि भक्तिगीत म्हणून लावणारा कामाला लागतो. या प्रकरणात दूध उतरवून ठेवू आणि बसून ऐकू.

आधी गाणाऱ्याविषयी. भीमसेन जोशींचा जन्म 1922 चा, गदग भागातला. घर कानडी. मुलगा अकरा वर्षांचा असताना एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी त्याच्या कानावर पडली, झिंझोटीतली ठुमरी. तसे गायचे हे त्याच्या मनाने घेतले आणि 1933 मध्ये तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. ग्वाल्हेर, जालंधर अशी पायपीट करून अखेर घराजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, 1936 मध्ये तो टेकला. म्हणजे हा गायक मुळात तबकडीने घडवला. मिरजेला राहणारे खाँसाहेब हयात होते, पण त्या मुलाला ते भेटले ते तीन मिनिटांत संपणाऱ्या लाखेच्या तबकडीत. इतक्या थोड्या वेळात अख्खा गायक कसा मावतो, हे त्याने फार लहानपणी ऐकून ठेवले होते. पुढे त्याची स्वतःची पहिली तबकडी 1942 च्या सुमारास निघाली, आणि तीही कानडी-हिंदी भक्तिपदांचीच होती.

संगीतकार राम फाटक. पुणे आकाशवाणी केंद्र 1953 मध्ये सुरू झाले आणि तिथल्या सुगम संगीताला ज्यांनी वळण लावले त्यांत फाटकांचे नाव वरचे. केंद्रावर 'स्वरचित्र' नावाचा कार्यक्रम असे, त्यासाठी नवी गाणी बांधली जात. सुधीर मोघ्यांचे 'सखी मंद झाल्या तारका' हे फाटकांचे गाणे आज सुधीर फडक्यांच्या आवाजात सर्वांना ठाऊक आहे, पण रेडिओसाठी ते आधी भीमसेनांनी गायले होते. नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' हा अभंग याच वातावरणातला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण रेडिओच्या संगीतकाराला वेळेची शिस्त असते. मैफलीचा गायक रागाला दोन तास देतो. फाटकांना तोच राग काही मिनिटांत, शब्दांना धक्का न लावता, आणि रेडिओच्या छोट्या स्पीकरवरही ओळखू यावा असा बांधायचा होता. भीमसेनांसारखा मोकाट सुटणारा गळा आणि फाटकांसारखा मोजून बांधणारा माणूस, या दोघांतली ओढाताण 'अभंगवाणी'भर ऐकू येते. ती नसती तर ही गाणी एक तर छोटे ख्याल झाली असती, नाही तर नुसती भावगीते.

आता मूळ वस्तू काय होती ते पाहू. वारकरी भजनात मध्ये वीणेकरी उभा असतो, बाजूला मृदंग आणि समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा. जुन्या वळणाच्या फडांत पेटी नसते. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा, पुन्हा फिरून धृपदावर यायचे. लय सावकाश सुरू होते आणि टाळकऱ्यांच्या पायांबरोबर वाढत जाते. कोणी तान घेत नाही असे नाही, पण तानेसाठी कोणी थांबत नाही. अभंग सगळ्यांचा असतो आणि तो सगळ्यांना म्हणता आला पाहिजे.

ही सोय छंदातच आहे. मोठ्या अभंगाचे माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड पडतो. एकनाथांचा 'काया ही पंढरी' हा अभंग बोटांवर मोजून पाहा, नेमका या मापाचा आहे. पहिल्या तीन चरणांनी कान सहा अक्षरांना सरावतो, चौथा लवकर संपतो आणि एक रिकामी जागा उरते. त्या जागेत गाणारा श्वास घेतो, टाळ वाजतो आणि समोरची रांग ओळ उचलते. अभंगाचा निम्मा जीव त्या जागेत आहे. शेकडो वर्षे ती गर्दीने भरली.

स्टुडिओत गर्दी नव्हती. दिंडीतले शे-दोनशे गळे जाऊन एकच उरला, भोवती पेटी, तबला-पखवाज, टाळ आणि थोडी वाद्ये. मग त्या रिकाम्या जागेचे काय करायचे? माझ्या मते 'अभंगवाणी'तले सारे बरे-वाईट या एका प्रश्नावर ठरते. जिथे फाटक आणि भीमसेन ती जागा मोकळी ठेवतात, किंवा भीमसेन स्वतःच स्वतःला उत्तर देतात, तिथे तबकडीत दिंडी शिरते. जिथे व्हायोलिनचे पट्टे ती भरून काढतात तिथे गाणे गोड लागते, बस.

'तीर्थ विठ्ठल' लावा. राग अहिरभैरव, सकाळचा. पूर्वांगात भैरवाचा कोमल, हलता रिषभ आणि उत्तरांगात काफीसारखा कोमल निषाद. म्हणजे खाली गंभीर आणि वर मोकळा. आता नामदेवांनी संगीतकारासमोर ठेवलेली अडचण बघा. या अभंगात एकेक वस्तू घ्यायची आणि तिच्यापुढे विठ्ठलाचे नाव ठेवायचे, एवढेच चालते. मोठ्या अभंगाचे सहा-सहाचे माप इथे तंतोतंत बसत नाही, उपमा नाही, कथा नाही, एकच शब्द परत परत येतो. वाचताना दोन ओळींत कंटाळा यावा असा मजकूर. भजनात तो टिकतो, कारण तो शब्द दर वेळी वेगळ्या माणसाच्या तोंडून येतो. इथे तर एकच माणूस. म्हणून चालीने ते काम केले आहे. विठ्ठल हा शब्द एकदा षड्जाच्या आसपास टेकतो, एकदा वर चढतो, एकदा रिषभावर हेलकावा घेऊन खाली बसतो. पुढे भीमसेन त्या शब्दाला गळ्याने वळवू लागतात तेव्हा प्रत्येक उच्चार वेगळ्या माणसाचा वाटावा इतका पालटतो. पहिल्यांदा ऐकताना बाकी सगळे सोडा आणि केवळ तो एक शब्द किती जागी उतरतो याचा पाठलाग करा. माझी खात्री आहे, पुढच्या वेळी हे गाणे लागले की तुम्ही टूथब्रश हातात धरून उभे राहाल.

दुसऱ्यांदा ऐकताना ठेका ऐका. भजनी ठेका आठ मात्रांचा, सोपा, मूलही मांडीवर धरील असा. पण टाळ त्या ठेक्याच्या अगदी नेमका डोक्यावर पडला तर भजन यंत्रासारखे होते. खरा टाळकरी किंचित सैल वाजवतो आणि टाळाचा नाद दाबून-सोडून लांबी ठरवतो. भीमसेन पुढे 'संतवाणी' हा अभंगांचाच कार्यक्रम गावोगाव करू लागले तेव्हा त्यांनी टाळासाठी माऊली टाकळकरांना बरोबर घेतले. नावाजलेल्या शास्त्रीय गायकाच्या मंचावर टाळकऱ्याला पेटीवाल्या-तबलजीच्या बरोबरीची जागा मिळाली, हे मला त्या कार्यक्रमांचे मोठेच काम वाटते. संतवाणीची प्रत्यक्ष मुद्रणे मिळतात, ती ऐकताना डावा कान टाळाला द्या. भीमसेनांची तान संपून समेवर आली की टाळ उसळतो. गर्दीने उचलायची जी ओळ, ती तिथे टाळ उचलतो.

आता थोडे लांब जाऊन यायचे आहे, अमेरिकेपर्यंत. गाणाऱ्याने ओळ टाकायची आणि जमावाने ती उचलायची, ही रीत तिथल्या काळ्या मजुरांच्या शेतातल्या गाण्यांत आणि चर्चमध्ये होती. तिच्यातून ब्लूज झाला. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा मापांचा, प्रत्येक माप चार ठोक्यांचे. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग तिसरीने उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीला चार मापे मिळतात, पण शब्द साधारण दोनच मापांत संपतात. उरलेली दोन रिकामी. एकटा गाणारा ती स्वतःच्या गिटारने भरतो. अभंगाच्या आखूड चौथ्या चरणाशी याचे नाते जोडायला कोणाही पंडिताची गरज नाही.

दुसरे नाते स्वरांचे आहे आणि ते ऐकून संगीताच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल. ब्लूज किंवा रॉक शिकणारा मुलगा गिटारवर जी पहिली स्वरमाला शिकतो ती म्हणजे षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल निषाद. आपल्याकडे हा राग धानी. आणि हाच भीमपलासचा आरोह. पु. ल. देशपांड्यांच्या 'गुळाचा गणपती' या 1953 च्या चित्रपटात भीमसेनांनी गायलेले 'इंद्रायणी काठी' भीमपलासात आहे. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, गाव आळंदीचे. आरोहापुरते बोलायचे तर शिकागोतला एखादा गिटारवाला या गाण्याच्या पाठीमागे सहज बसेल. अवरोहात धैवत आणि रिषभ आले की मात्र तो चाचपडेल, कारण तिथून पुढे रागाचे राज्य सुरू होते. उलट ब्लूजचा गंधार ना कोमल ना शुद्ध, मध्ये कुठेतरी ओढून धरलेला असतो. तो आपल्या पेटीवर सापडायचा नाही, पण भीमसेनांच्या किराणा घराण्याच्या गळ्याला तो परका नाही.

ब्लूज-रॉकच्या चाहत्यांकडे पूजेला लावलेली एक तबकडी आहे, ऑलमन ब्रदर्स बँडची 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'. न्यूयॉर्कच्या त्या नाट्यगृहात मार्च 1971 मध्ये झालेल्या कार्यक्रमांचे हे मुद्रण त्याच वर्षी जुलैत दोन तबकड्यांच्या संचात निघाले. सुरुवातीचे 'स्टेट्सबरो ब्लूज' हे गाणे ब्लाइंड विली मॅकटेल या अंध गायकाने 1928 मध्ये एकट्याने, एका गिटारवर गायलेले. ऑलमन बंधूंच्या बँडमध्ये दोन गिटार, ऑर्गन, बास आणि चक्क दोन ड्रमवादक. ड्यूएन ऑलमन सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची कुपी बोटात घालून तारेवरून सरकवायचा, त्यामुळे गिटारमधून पडद्यांच्या मधले सगळे स्वर निघत. आपण ज्याला मींड म्हणतो तेच. शेवटचे 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटांचे आहे, तबकडीची अख्खी एक बाजू. एवढा विस्तार करायची हिंमत त्यांना कुठून आली? ड्यूएन जॅझमधल्या माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेनचे नाव घेत असे. त्यातला कोल्ट्रेन भारतीय संगीतात बुडालेला होता, इतका की मुलाचे नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवले. म्हणजे एकाच स्वरमालेत राहून वाढत कसे जायचे हे शिक्षण आपल्या रागांकडून जॅझकडे आणि जॅझकडून त्या तेवीस मिनिटांत थोडेफार झिरपले, असे म्हणायला जागा आहे.

दोन्हींची दिशा मात्र उलटी आहे. ऑलमन बंधूंनी एका माणसाचे गाणे घेऊन त्याचा जथा केला. फाटक-भीमसेनांनी जथ्याचे गाणे घेतले आणि ते एका माणसाच्या गळ्यात उतरवले. दुसरे काम जास्त अवघड, असे माझे मत. जथ्यात एकाचा सूर ढळला तर दुसरा सावरतो. एकट्याला तो आधार नाही. आणि तिथे मूळ कवीचे शब्द मोडलेले चालतात. इथे नामदेवांचा शब्द हलवला तर घरातली आजी टोकते.

परत पंढरीला येऊ. 'अभंगवाणी'तली गाणी ओळीने पाहिली तर ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम असे चौघे भेटतात. ज्ञानेश्वरांची समाधी 1296 ची, तुकाराम सतराव्या शतकाच्या मध्यात गेले. साडेतीनशे वर्षांचे अंतर, आळंदी, पंढरपूर, पैठण आणि देहू अशी चार गावे, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यांना बांधणारा धागा पंढरी. रॉकवाले ज्याला एका कल्पनेभोवती रचलेला अल्बम म्हणतात, तसा हा ऐवज कुणी ठरवून रचला होता की नाही याने काही बिघडत नाही, ऐकताना तो तसा लागतो. आणि प्रत्येक अभंगात पंढरी निराळी आहे. नामदेवांची पंढरी राहते गाव, कारण ते तिथलेच शिंपी. महाद्वारातली पायरी आजही त्यांच्या नावाची आहे. ते इथून पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात गेली, पण त्यांच्या मराठी अभंगांत घरच्या माणसाची सलगी आहे. 'पंढरीनिवासा' ऐकताना भीमसेनांचा आवाज किती खाली येतो, कसा जवळ बसून बोलल्यासारखा होतो, ते बघा.

एकनाथांच्या 'माझे माहेर पंढरी'त पैठणचा हा गृहस्थ पंढरीला माहेर म्हणतो आणि विठ्ठल-रखुमाईला आईबाप. बोलणे सासुरवाशिणीचे. ते गायला निवडलेला आवाज मात्र केवढा! मैफलीत मिया मल्हार किंवा दरबारी गाताना ज्याने मंडप हादरायचा, तोच गळा. हलका, नाजूक आवाज निवडला असता तर ते गाणे लडिवाळ झाले असते आणि दोनदा ऐकून विटले असते. भीमसेनांच्या आवाजात माहेरची ओढ प्रौढ माणसाची होते. पंढरपूरच्या बसमधून उतरून चंद्रभागेकडे धावणारे साठीचे पुरुष ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. योगायोग असा की एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून विठ्ठलाची मूर्ती परत पंढरीला आणली अशी परंपरा सांगते, आणि हंपीतल्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. गदगहून हंपी फार लांब नाही. भीमसेनांनी कानडी दासवाणीही तितक्याच ओढीने गायली. पुरंदरदासांची पदे विठ्ठलाच्याच मुद्रेने संपतात, त्यामुळे भीमसेनांना पंढरीच्या दारात शिरताना भाषा बदलावी लागली, देव बदलावा लागला नाही.

तुकारामांच्या 'अणुरणिया थोकडा'ला फाटकांनी मालकंस दिला आहे. मालकंसात रिषभ नाही आणि पंचमही नाही. नेहमी टेकायला मिळणारा पंचमच काढून घेतला की स्वरांमधली अंतरे मोठी होतात आणि राग उभा राहतो तो मध्यमाच्या आधारावर. अणूएवढ्या लहानापासून आकाशाएवढ्या मोठ्यापर्यंतची झेप सांगणाऱ्या शब्दांना ही विरळ, पोकळ जागा शोभते. भीमसेन इथे ताना घेतात आणि त्या खटकत नाहीत, कारण अभंगाचा विषयच पसरण्याचा आहे. माझ्या पसंतीने साऱ्या संचातले हे गाणे पहिले. 'तीर्थ विठ्ठल' लोकांनी डोक्यावर घेतले ते योग्यच, तरी रात्री ऐकायला मला हे लागते.

तक्रारीही आहेत. काही ठिकाणी तान शब्दाच्या मध्येच सुटते आणि चरणाचा अर्थ लोंबकळत राहतो. कीर्तनाच्या गादीवर बसलेल्याने असे केले तर समोरचा वारकरी मनातून नाराज होईल, कारण तिथे सूर शब्दाच्या चाकरीत असतो. भीमसेनांच्या बाजूने एवढेच म्हणेन की त्यांचे शब्द कधी पुसट होत नाहीत. जोडाक्षर ते दाबून, जवळजवळ चावून म्हणतात. विठ्ठल या शब्दातला ठ्ठ त्यांच्या तोंडून ऐकावा. कानडी वळणाच्या जिभेला दुहेरी व्यंजनाची सवय आहे, ती इथे उपयोगी पडली असावी.

कर्ण्यांवरच्या प्रल्हाद शिंद्यांना या सगळ्यात कुठे बसवायचे? त्यांची पंढरीची गाणी संतांची नाहीत, दत्ता पाटलांसारख्या अलीकडच्या गीतकारांची आहेत. चाली मधुकर पाठक, विठ्ठल शिंदे अशांच्या. शब्द साधे, ठेका चालण्याचा. हाच माणूस कव्वाली गायचा आणि बाबासाहेब आंबेडकरांची गाणीही गायचा, त्याच गळ्याने आणि त्याच तळमळीने. ज्या पंढरीत चोखामेळ्याला देवळाबाहेर राहावे लागले, जिथे 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसून मंदिर दलितांना खुले करून घ्यावे लागले, तिथल्या रस्त्यावर आज हा आवाज सर्वांत मोठा आहे. ब्लूज या शब्दाचा जो खरा ऐवज, कष्टाच्या आणि अपमानाच्या तळातून आलेला गळा, तो मराठीत शोधायचा तर मी भीमसेनांकडे बोट दाखवणार नाही, प्रल्हाद शिंद्यांकडे दाखवीन. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि हा आवाज गावागावांत पोचला. अभिजनांच्या संगीतसमीक्षेत मात्र त्याच्यावर फारशी पाने खर्च झालेली नाहीत. त्याला स्वतंत्र प्रकरणच हवे, इथे ओझरते लिहून भागणार नाही.

आणि आता फिरून एक गंमत. तबकडी पंढरीबाहेरच्यांसाठी बनली खरी, पण तिच्या चाली पंढरीत पोचल्या आहेत त्या कीर्तनाच्या साथीला उभ्या राहणाऱ्या गायकांच्या गळ्यातून. अलीकडे कीर्तनात पेटी आली, गायनाची तालीम घेतलेली मुले आली, आणि त्यांच्या तोंडून फाटकांच्या चाली सर्रास ऐकू येतात. समोर बसलेल्या कित्येकांना ही चाल परंपरेची वाटते. संगीतकाराचे नाव गळून चाल उरावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र कुठले असणार. तरी राम फाटक हे नाव घेतले जावे असे मला वाटते, निदान तबकडीच्या पाकिटावर ते बारीक अक्षरांत न छापता.

चातुर्मासात, म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या दरम्यान, पंढरपूरला जाणे झाले तर एखाद्या मठात फडाच्या भजनाला बसा. तबकडीवर ऐकलेलाच अभंग मिळेल असे नाही, पण मिळाला तर चाल ओळखू येणार नाही. लय संथ असेल, चरण इतक्या वेळा फिरेल की घड्याळाकडे लक्ष जाईल, आणि मग एका वळणावर दोन्ही रांगांचे टाळ एकदम उसळतील. घरी आल्यावर 'काया ही पंढरी' पुन्हा लावा आणि चौथ्या चरणानंतरच्या जागेकडे लक्ष द्या. भीमसेन तिथे किती वेळा थांबतात आणि किती वेळा थांबत नाहीत, हे आधी कधी जाणवले नव्हते ते जाणवेल.

त्यानंतरची पायरी किशोरी आमोणकरांची. चोखामेळ्याची बायको सोयराबाई, तिचा 'अवघा रंग एक झाला' त्यांनी भैरवीत गायला आहे. तिथे रिकामी जागा गर्दीसाठी ठेवलेलीच नाही. किशोरीताई ती स्वराने सावकाश भरतात आणि ऐकणाऱ्याला मध्ये बोलू देत नाहीत. ती वेगळी रीत आहे, तिच्यासाठी वेगळा कान लावावा लागतो. म्हणून एक सूचना: भीमसेनांच्या पाठोपाठ ती तबकडी लावू नका. दोघांचेही नुकसान होते.